गंज, पुट्टी आणि शिकलेले हात

गाडीचा पत्रा घरी दुरुस्त करणे हे कंजूषपणाचे लक्षण आहे, असे आपल्याकडे सर्रास मानले जाते. कॉलेजात जाणाऱ्या मुलाने ते केले तर तो चेष्टेचाच विषय होतो. मला मात्र हे मत साफ नामंजूर आहे.

आमच्या घरी जुनी मारुती ओमनी आहे. आबा तीत कापडाची गाठोडी घालून पाचोरा, कजगावच्या बाजाराला जातात. गाडी बंद म्हणजे चूल थंड! विकत घेतली तेव्हा ती नव्यासारखी चकाकत होती. पहिल्याच पावसाळ्यानंतर दाराच्या खालच्या कडेला रंगाला फोड आले. खरवडल्यावर पुट्टीचा ढलपा निघाला, आणि मागे पत्राच नाही! भोकात कागदाचा बोळा कोंबून वर रंग मारलेला. याला दुरुस्ती म्हणायचे की फसवणूक, हे वाचकांनीच ठरवावे.

मित्रहो, दाराचा गंज बहुधा आतून येतो. काचेच्या फटीतून पाणी दारात उतरते. ते निघून जावे म्हणून खालच्या कडेला बारीक छिद्रे असतात. आपल्या भडगावची काळी माती ती बुजवते आणि पाणी आतच मुरते. लोखंडाला पाणी व हवा मिळाली की गंजतो, ही व्याख्या आपण शाळेत पाठ केली. पण दाराखाली वाकून कोणी पाहिले?

घरचा उपाय साधा आहे. कोरड्या उन्हाळ्यात तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर घेऊन पत्रा पांढरा दिसेपर्यंत घासावा, डागाच्या चार बोटे पलीकडेसुद्धा. नाकाला फडके हवेच. थिनरने पुसून त्याच दिवशी रेड ऑक्साईड लावावे. एका रात्रीतही उघडा पत्रा पुन्हा धरतो. भोकावर नुसती पुट्टी चालत नाही, कारण ती पाणी शोषते. तेथे पत्र्याचा तुकडाच जोडावा लागतो. तेवढे वेल्डिंग आम्ही बाहेर करून घेतले. चासीला किंवा सीटबेल्टच्या जागेला गंज असेल तर घरी हातच लावू नये.

मुंबईची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, ती वीस वर्षांच्या नियमामुळे. समुद्राच्या खाऱ्या हवेत त्या गाड्या तोवर चालल्या, त्यामागे पत्रा ठोकणारे कितीतरी हात होते. त्यांना कोणी पदवी दिली नाही.

आई म्हणते, "तू शिकेल पोऱ्या शे, हात काया नको करू." तिचे दुःख मला कळते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. परंतु पदवी मिळवायची म्हणून आबांच्या गाडीखाली शिरायचे नाही, हा हिशेब मला पटत नाही. वास्तविक इतिहासाच्या तासाला जे शिकतो, वरचा रंग खरवडून खाली काय आहे ते पाहणे, तेच मी येथे करतो.

खासगी गाडीला १५ वर्षे झाली की तपासणी करून नोंदणी पुन्हा करावी लागते. आमच्या गाडीची ती तारीख पुढल्या वर्षी आहे. दारे झाली, रबरी मॅटखालचा पत्रा अजून उघडून पाहायचा आहे.