हत्यारे कपाटात, मुले यंत्रासमोर

आठवी-नववीच्या मुलांच्या हाती करवत आणि रंधा का देत नाही, असे शाळेत विचारले की उत्तर ठरलेले असते: एखाद्याचे बोट कापले तर निस्तरायचे कोणी? पालक अंगावर येतील, चौकशी लागेल. ही भीती खोटी नाही. पण हत्यारांचे कपाट कुलूपबंद ठेवल्याने मुलाचे बोट वाचत नाही, शाळेची मान तेवढी मोकळी राहते. वाशिम जिल्ह्यातली, रिसोड-मानोऱ्याकडची कितीतरी मुले शिक्षण सुटले की पुण्या-संभाजीनगरची वाट धरतात. त्यातला एखादा फर्निचरच्या शेडमध्ये हेल्पर म्हणून लागतो आणि थोड्याच दिवसांत गोल करवतीसमोर उभा केला जातो. पात्यावरचे झाकण कामाच्या आड येते म्हणून काढून ठेवलेले असते. फळी पात्यात आवळली गेली तर ती उलट आपल्याच पोटावर येते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

१९४८ च्या कारखाने कायद्याने याची दखल घेतली होती. धोकादायक यंत्राचे सगळे धोके आणि घ्यायची काळजी समजावून दिल्याशिवाय, पुरेसे प्रशिक्षण किंवा नीट देखरेख असल्याशिवाय अल्पवयीन कामगाराला त्या यंत्रावर घेऊ नये, अशी अट त्यात होती. चार माणसांच्या शेडला मात्र तो कायदा लागूच नव्हता. पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत सुताराला अवजारांसाठी १५ हजार रुपये आणि पाच-सात दिवसांचे प्रशिक्षण मिळते, पण त्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण हवीत. हाताला वळण लागते ते तेरा ते सोळा या वयात, आणि त्या वयात मुलाकडे बघायला शाळेशिवाय दुसरे कोणी नाही.

शाळेत हाताने काम शिकवण्याची कल्पना विदर्भाला नवी नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि तिच्यातून नेमलेल्या झाकिर हुसेन समितीने मूलोद्योगांमध्ये सूतकताई-विणकामाच्या जोडीला सुतारकामही धरले. पुढे पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. माध्यमिक शाळेतल्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस हाताने काम करत शिकायचे, ही तिथली रीत राज्यातल्या अनेक शाळांनी उचलली. बाकीच्या बऱ्याच ठिकाणी कार्यानुभवाची वही भरते आणि दुकानातून आणलेली वस्तू टेबलावर मांडली जाते.

सुरुवात यंत्राने करायचीच नाही. पहिले वर्षभर करवत, रंधा, पटाशी, मोगरी, गुण्या एवढेच पुरे. आधी लाकूड शिकंज्यात घट्ट धरायला शिकवावे, कारण एका हाताने लाकूड धरून दुसऱ्या हाताने पटाशी चालवली की ती घसरून थेट धरलेल्या हातात जाते. दोन्ही हात धारेच्या मागे हवेत, हा पहिला धडा. दुसरा धडा धार लावण्याचा. बोथट पटाशी निर्धोक, असे घरी-दारी समजले जाते. खरे तर तीच जास्त लागते, कारण तिच्यावर जोर द्यावा लागतो आणि जोरात असलेला हात सटकला की आवरत नाही. करवतीची पहिली ओढ हलक्या हाताने, आपल्याकडे. तिथे अंगठ्याचे पेर पात्याला टेकवून रेघ धरायची, करवत खाचेत बसली की अंगठा मागे घ्यायचा. हे फळ्यावर लिहून येत नाही. शिक्षकाने शेजारी उभे राहून प्रत्येकाचा कोपर बघावा लागतो, म्हणून एका तुकडीत वीसच्या वर मुले घेऊ नयेत.

यंत्राची वेळ आली की वाशिमच्या मुलांना समजावण्याचा एक सोपा मार्ग आहे. शेतातल्या मोटारीला ऑटो स्विच बसवलेला त्यांनी पाहिला आहे: लाइन आली की मोटार आपोआप सुरू. शेतात जी सोय वाटते तीच कार्यशाळेत घात करते. करवत चालू असताना लाइन गेली, बटण तसेच राहिले, मुलगा पात्यात अडकलेला तुकडा काढायला वाकला आणि लाइन आली. म्हणून प्रत्येक यंत्राला असा स्टार्टर हवा की लाइन गेल्यावर तो सुटलाच पाहिजे आणि माणसाने बटण दाबल्याशिवाय परत लागता कामा नये. भारनियमन पाहिलेल्या जिल्ह्यात ही अट पहिली असावी.

हातमोज्यांबद्दलही गैरसमज आहे. फिरत्या यंत्रावर हातमोजा घालायचा नसतो. पाते मोज्याचा धागा पकडते आणि हात आत ओढते. ओढणी, मोकळे केस, मनगटातला गंडा, कडे यांचे तेच. मुलींना ओढणीचे कारण सांगून वर्गाबाहेर बसवू नये, ओढणी काढून ठेवायला जागा द्यावी. पायात स्लीपर नको, बूट हवेत. ते नसतील तर ती खरेदी शाळेने करावी. आणि भुसा तोंडाने फुंकायचा नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांमध्ये धरली आहे. मास्क आणि चष्मा हे कामाचेच सामान आहे.

नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांमध्ये वाशिम आहे. आयोगाच्याच अटल टिंकरिंग लॅबसाठी शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळते, तिथे थ्रीडी प्रिंटर येतो. तो यावा. त्याच खोलीत चार भक्कम टेबले, शिकंजे, वीस मुलांना पुरतील एवढी हत्यारे आणि प्रथमोपचाराची पेटी बसू शकते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात तान्हा पोळा भरतो. त्यासाठीचा चाकांवरचा लाकडी बैल वर्षभराच्या कामाचा शेवट म्हणून मुलामुलींनी स्वतः करावा. मोजमाप, काटकोन, खाचेत कुसू बसवणे, सगळे त्यात येते.

शिकवणारा माणूस गावात आहे. वखर आणि तिफण घडवण्यात ज्यांची हयात गेली, ते सुतार ट्रॅक्टरची पेरणी आल्यापासून बऱ्याच गावांत रिकामे बसले आहेत. स्थानिक कारागिरांना शाळेत शिकवायला घेण्याची मुभा २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात आहे. जिल्हा परिषदेने तालुक्याला निदान दोन शाळांत असा सुतार आठवड्यातून एक दिवस नेमावा, यंत्रांच्या धोक्यांसाठी आयटीआयच्या निदेशकाला जोडीला द्यावे. त्या दिवशी सुताराचा रोज बुडतो. त्याचे मानधन त्या रोजापेक्षा कमी ठेवू नये, आणि ते वर्षाअखेरीला न देता महिन्याच्या महिन्याला द्यावे.