कार्डासाठी भांडलो, यंत्रापाशी कोण?



२०२३ साली महाराष्ट्र शासनाने महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू केली. कर्नाटक सरकारने आक्षेप घेतला आणि आपल्याकडे साहजिकच संताप उसळला. कार्ड कोणाचे, यावर रान पेटले. पण ते कार्ड घेऊन हृदयविकाराचा रुग्ण ज्या कॅथ लॅबच्या टेबलावर झोपतो, तिथे यंत्रापाशी कोण उभे राहणार, हा विषय आपल्या सभांत निघत नाही.

अँजिओप्लास्टी म्हणजे एकटा डॉक्टर नव्हे. मनगटातून किंवा जांघेतून धमनीत नळी सरकवताना सी-आर्मची दिशा, डायचे प्रमाण, हृदयाचा आलेख आणि धमनीतला दाब यांवर तंत्रज्ञाची नजर लागते. दाबाचा आलेख एकाएकी बसला, तर नळीचे टोक धमनीत अडकले असेल, हे आधी त्याच्या ध्यानात यावे लागते. अंगावर शिशाचा एप्रन आणि छातीवर किरणोत्सर्ग मोजणारा बिल्ला लावून तो तासन्‌तास उभा असतो. मोठा झटका आलेला रुग्ण दारात आल्यापासून ९० मिनिटांत रक्तवाहिनी उघडावी, असा दंडक आहे. यंत्र कोट्यवधींचे असले, तरी रात्री दोन वाजता ते चालवणारा जाणकार हजर नसेल तर ती नुसती कुलूपबंद खोली.

हे शिक्षण आवाक्याबाहेरचे नाही. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र घेतलेल्या मुला-मुलींसाठी बेंगळुरूच्या राजीव गांधी आरोग्यविज्ञान विद्यापीठाची कार्डियाक केअर टेक्नॉलॉजीची बी.एस्सी. आहे. पण सावध राहा! चौकाचौकांत ‘सहा महिन्यांत कॅथ लॅब टेक्निशियन’ असे फलक लागतात. २०२१ च्या केंद्रीय कायद्यानुसार संलग्न आरोग्य व्यावसायिक म्हणवून घ्यायला किमान २००० तासांचा, दोन ते चार वर्षांचा अभ्यासक्रम लागतो. सहा महिन्यांच्या कागदासाठी शेत गहाण टाकणाऱ्या बापाला हे कोणीतरी सांगितले पाहिजे.

आता आपल्या हक्काचे बोलू. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुना बीदर जिल्हा तोडला गेला. उदगीर, निलंगा तिकडे गेले. भालकी, औराद, बसवकल्याणसह आपण इकडे राहिलो. ती जखम आहेच. सर्वोच्च न्यायालयातला २००४ चा दावाही उभा आहे. पण निकाल लागेपर्यंत मुलांची वये थांबत नाहीत. राज्यघटनेच्या कलम ३७१ (जे) खाली या प्रदेशातील शिक्षणसंस्थांत ७० टक्के, राज्यस्तरीय संस्थांत ८ टक्के आणि ‘क’ गटाच्या स्थानिक नोकऱ्यांत ८० टक्के जागा इथल्या माणसांसाठी आहेत. त्याला मातृभाषेची अट नाही. जन्म आणि वास्तव्य पाहतात. पिढ्यान्‌पिढ्या मैलूर-बीदरला राहिलेल्या घराण्यांइतके स्थानिक कोण? मग सहायक आयुक्तांचा तो दाखला काढायला आपण बारावीच्या निकालापर्यंत का थांबतो?

कलबुर्गीला जयदेव हृदयरोग संस्थेची ३७१ खाटांची नवी इमारत डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झाली. खाटांचा आकडासुद्धा त्याच कलमाची आठवण देणारा! त्या कलमाचा लाभ घेणाऱ्यांत आपली मुले किती, हे ज्याने त्याने आपल्या गल्लीत मोजून पाहावे.

“डॉक्टर नाही तर कंपाउंडरकी कशाला?” असे आपले वडीलधारे म्हणतात. पाटीलकी-देशमुखीचा हा पीळ आता सोडला पाहिजे. एमबीबीएस हुकले म्हणून मुलगा तीन-तीन वर्षे घरी बसतो, मुलीचे लग्न उरकले जाते. आणि खरे तर आपल्या मुलांकडे मोठे भांडवल आहे. ती घरी मराठी, बाजारात दखनी आणि कचेरीत कानडी बोलतात. टेबलावर घाबरलेल्या म्हातारीला “आजी, श्वास धरा” हे तिच्याच भाषेत सांगणारा माणूस बाहेरून आणता येत नाही. कानडी लिहायलाही शिकावे. त्याने मराठी बुडत नाही.

मंडळाने तीन कामे हाती घ्यावीत: दहावीलाच ३७१ (जे)चे दाखले काढून देणे, मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांची यादी लावणे आणि हा अभ्यासक्रम बीदरमध्ये शिकवावा, अशी मागणी रेटणे. निषेधाचे ठराव आपण पुष्कळ केले. यंदा चार मुले-मुली तरी या वर्गात बसवू या.