ग्राफिक्स कार्ड आधी नको! जुन्या गेमिंग कॉम्प्युटरवर पहिला रुपया कुठे टाकायचा?



कार्ल्याला छोट्या व्यावसायिकांची एक बॅच घेतली, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत एक मुलगा जवळ येऊन बसला. फाट्याजवळच राहणारा. कॉलेजात असताना गेम खेळायला घेतलेला कॉम्प्युटर, आता त्याच्यावर कामं घ्यायला लागलाय. आसपासच्या बंगलेवाल्यांना रील करून देतो. चैत्रात एकवीरा आईच्या यात्रेला पालख्या येतात, त्यांचे व्हिडिओ एडिट करतो. त्याचा प्रश्न एकच होता. "सर, पंचवीस हजार आहेत. कुठलं ग्राफिक्स कार्ड घेऊ?"

मी विचारलं, "पैसे कुठले?"

"आईने बचत गटातून उचललेत."

घास हातातच राहिला. कारण हप्ता आई भरणार, आणि कार्ड नुसतं चमकत बसलं तर तोंड लपवायला जागा नाही. म्हणून आजचा लेख. तुमच्याकडेही असा पाच-सात वर्षांचा गेमिंग कॉम्प्युटर असेल आणि त्याला धंद्याला जुंपायचा विचार असेल, तर पाकीट उघडायच्या आधी हे वाचा.

माझं मत सरळ आहे. पहिला रुपया जिथे काम अडतं तिथे टाकायचा. सगळ्यात भारी दिसणारा पार्ट कुठला, हा प्रश्नच चुकीचा.

आधी घड्याळ लावा

त्या मुलाला मी वहीचं पान दिलं. म्हटलं, एका रीलला किती वेळ जातो लिही. एकूण पाच तास, म्हणजे ३०० मिनिटं. त्यात कार्डावरचं शूटिंग कॉपी करणं आणि प्रोजेक्ट उघडणं ४० मिनिटं. एडिटिंग २१० मिनिटं, आणि त्यातली सत्तरेक मिनिटं नुसती वाट बघण्यात, कारण टाइमलाइन अडकत चालते. एक्स्पोर्ट ३० मिनिटं. बाकी किरकोळ २०.

आता नवीन ग्राफिक्स कार्डाने एक्स्पोर्टचा वेळ निम्मा केला असं धरा. वाचली १५ मिनिटं, तीनशेतली. कॉपी, उघडणं आणि वाट बघणं निम्म्यावर आणलं तर? वाचली ५५ मिनिटं. सांगा, पैसे कुठे टाकायचे?

हे काही माझं डोकं नाही. जीन अॅमडाल नावाच्या कॉम्प्युटर तज्ज्ञाने १९६७ मध्येच हे मांडलंय. एखादा भाग कितीही वेगवान करा, एकूण कामात त्या भागाचा वाटा जेवढा, फायदा त्याच्या पलीकडे जात नाही. चिक्कीच्या कारखान्यात पाक लवकर होऊन उपयोग काय, पॅकिंगला एकच माणूस असेल तर?

कुठला पार्ट अडवतोय हे बघायला पैसे लागत नाहीत. काम चालू असताना टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्सवर जा. डिस्क सतत १०० टक्के दिसली तर दोष डिस्कचा. रॅम ९० टक्क्यांच्या वर असेल तर रॅमचा. गेम खेळताना रिझोल्यूशन कमी करून बघा. फ्रेम वाढल्या तर ग्राफिक्स कार्ड कमी पडतंय. तरीही वाढल्या नाहीत तर बहुतेक प्रोसेसर अडवतोय, कार्ड बदलून फारसं काही होणार नाही.

फुकटातली दुरुस्ती

खर्चाच्या आधी एक रविवार द्या. कॅबिनेट उघडा, धूळ काढा, प्रोसेसरची थर्मल पेस्ट बदला. गरम झालेला प्रोसेसर आपणहून वेग कमी करतो, आणि आपण म्हणतो कॉम्प्युटर म्हातारा झाला.

मग बायॉसमध्ये जाऊन रॅमचं एक्सएमपी सुरू आहे का बघा. ३२०० ची म्हणून घेतलेली रॅम कित्येक घरी वर्षानुवर्षं २१३३ किंवा २४०० वर चालत असते, कारण हे बटण कोणी दाबलेलंच नसतं. मॉनिटरची केबल मदरबोर्डाला न लावता ग्राफिक्स कार्डाला लावलीय ना, तेही बघा. हसू नका, भल्याभल्यांची चुकलेली असते.

आणि टाइमलाइन अडकत असेल तर प्रॉक्सी बनवा. म्हणजे एडिट करताना मूळ व्हिडिओची हलकी प्रत वापरायची, शेवटी एक्स्पोर्टला मूळ फाइल. दाविंची रिझॉल्व्ह आणि प्रीमिअर, दोन्हींत ही सोय आहे.

पहिला खर्च: वीज

हे कोणालाच आवडत नाही, कारण दिसत नाही. पण आपलं गाव बघा. शेजारच्या लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. कार्ल्यात त्याहून कमी, तरी ओल काय असते ते तुम्हाला मी सांगायला नको. वळवाच्या दिवसांत वीज कडाडते, लाइट जाते-येते.

माझ्यावर बेतलंय म्हणून सांगतो. आमच्या रेकॉर्डिंगच्या कॉम्प्युटरला मी हौसेने मोठं कार्ड बसवलं आणि एसएमपीएस जुनाच ठेवला, स्वस्तातला. दोन महिन्यांत तो गेला आणि जाताना मदरबोर्ड घेऊन गेला. कार्ड वाचलं, पण लावायचं कशाला? त्या आठवड्यात एकही व्हिडिओ गेला नाही.

तेव्हा आधी इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासा. मग चांगल्या कंपनीचा, लांब वॉरंटीचा एसएमपीएस. मग यूपीएस, आणि त्याचे वॉट बघून घ्या. बाजारातला साधा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो. गेमिंग कॉम्प्युटर पूर्ण जोर लावतो तेव्हा तो आडवा पडू शकतो. एक्स्पोर्ट ऐंशी टक्क्यांवर असताना लाइट गेली आणि गिऱ्हाईक दारात उभं असलं, की यूपीएसची किंमत कळते.

दुसरा: एसएसडी, आणि बॅकअप

अजून हार्ड डिस्कवर विंडोज चालवत असाल तर पुढचं काही वाचू नका, आधी हे करा. साधी हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे एमबी वाचते, आणि छोट्या छोट्या फाइली शोधताना त्याहून फार मंद. साधी साटा एसएसडी पाचशेच्या वर जाते. मदरबोर्डावर एनव्हीएमईची जागा असेल तर त्याहून कितीतरी जास्त. जुन्या मशीनला जिवंत करणारा याच्यासारखा दुसरा पार्ट नाही.

काढलेली हार्ड डिस्क फेकू नका. ती बॅकअपला ठेवा. पालखीचं शूटिंग पुन्हा करता येत नाही. देवी पुढच्या चैत्रात पुन्हा बोलावेल, पण गेलेली फाइल येत नाही.

तिसरा: रॅम, पण भाव बघून

८ जीबीवर एडिटिंग म्हणजे चुलीच्या एका तोंडावर लग्नाचा स्वयंपाक. १६ जीबी किमान धरा. आणि ८ जीबीची एकच पट्टी असेल तर तशीच दुसरी लावा, कारण दोन पट्ट्या जोडीने चालल्या की ये-जा करायचा रस्ता दुप्पट रुंद होतो.

इथे एक सावधगिरी. यूट्यूबवरच्या दोन वर्षांपूर्वीच्या याद्यांत "रॅम स्वस्त आहे, ३२ टाकून द्या" असं ऐकाल. २०२५ च्या शेवटी चित्र फिरलं. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीला एवढी मागणी आणली की जगभर भाव चढले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने तर आपला क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. म्हणून यादी पाठ करू नका. त्या दिवशीचा भाव विचारा आणि लागेल तेवढीच घ्या.

चौथा: आता बोला ग्राफिक्स कार्डाबद्दल

गेमिंग हाच धंदा असेल, म्हणजे मुलांना तासावर खेळायला देताय किंवा लाइव्ह स्ट्रीम करताय, तर कार्ड वर येईल. ते मी मान्य करतो. पण तेव्हाही वीज पहिलीच.

आणि कार्ड घेताना नुसतं नवीन आहे म्हणून भुलू नका. एक उदाहरण देतो. जानेवारी २०२२ मध्ये एएमडीचं आरएक्स ६५०० एक्सटी आलं. परवडणारं, दिसायला झकास. पण त्यात व्हिडिओ एन्कोड करायची सोयच नाही. शिवाय ते मदरबोर्डाशी फक्त चार लेननी बोलतं, त्यामुळे बी४५० सारख्या जुन्या बोर्डावर त्याचा वेग आणखी पडतो. त्याच्या आधीच्या जीटीएक्स १०५० टीआयमध्ये, जे २०१६ चं कार्ड आहे, एन्कोडर आहे. म्हणजे एडिटिंग करणारा माणूस पैसे खर्च करून एक पाऊल मागे गेला असता! आपल्या मित्राच्या कॉम्प्युटरात १०५० टीआयच होतं, आणि तो ६५०० एक्सटीच घ्यायला निघाला होता.

कार्ड घ्यायच्या आधी चार गोष्टी बघा. एसएमपीएसला पेलेल का, कॅबिनेटमध्ये मावेल का, एन्कोडर आहे का, आणि जुन्या बोर्डावर किती लेन मिळतील.

शेवटचा: प्रोसेसर

इथे नशीब बघावं लागतं. एएमडीच्या एएम४ बोर्डवाल्यांची चैन आहे. बी४५० बोर्डावर रायझन ५ २६०० असेल तर बायॉस अपडेट करून त्याच बोर्डावर ५६०० बसतो. इंटेलच्या आठव्या पिढीवाल्यांना त्याच बोर्डावर नवव्या पिढीच्या पुढे जाता येत नाही. आणि एएम५ वर जायचं तर प्रोसेसर, बोर्ड आणि डीडीआर५ रॅम, सगळंच नवीन. त्याला अपग्रेड म्हणत नाहीत. तो नवीन कॉम्प्युटर झाला.

विंडोजचंही बघा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी अधिकृतपणे साधारण इंटेलची आठवी पिढी किंवा रायझन २००० च्या पुढचं लागतं. ज्या मशीनवर गिऱ्हाइकांच्या फाइली आणि तुमचं बँकेचं लॉगिन आहे, ते त्याहून जुनं असेल तर त्यात कार्ड घालू नका. पैसे साठवा.

एका वेळी एकच

कार्ल्याच्या लेणीत चैत्यगृहाचे खांब नीट बघा. खांब दिलेल्या लोकांची नावं त्यांच्यावर कोरलीत. बरेच दाते धेनुकाकट गावचे, त्यात यवनही आहेत. एवढं मोठं काम कोणा एकाने एका दमात पैसे ओतून केलेलं नाही. खांब एकेकाने दिले, पण आराखडा एक होता. म्हणून तुकड्या-तुकड्याने करायला लाजू नका. फक्त आराखडा आधी कागदावर पाहिजे.

एक पार्ट बदला, महिनाभर काम करा, पुन्हा घड्याळ लावा. वेळ वाचला का? त्या वेळात एक काम जास्त घेतलं का? घेतलं नसेल, तर तुम्हाला पार्ट कमी पडत नव्हता, गिऱ्हाईक कमी पडत होतं. आणि ते टिळक रोडवर मिळत नाही, लॅमिंग्टन रोडवरही नाही.

खरेदीबद्दल एवढंच. पक्कं बिल घ्या. वॉरंटीला तेच लागतं आणि जीएसटी नोंदणी असेल तर इनपुट क्रेडिटलाही. दोन-पाचशे रुपये वाचवायला अनोळखी ठिकाणी घेण्यापेक्षा, जिथे मळवलीहून लोकल पकडून परत जाऊन भांडता येईल अशा दुकानात घ्या. आणि शिशु मुद्रा कर्ज ५० हजारांपर्यंत मिळतं, म्हणून ५० हजारांचं मशीन लागतंच असं नाही.

त्या मुलाने काय केलं? अर्थिंग, एसएमपीएस, यूपीएस, एसएसडी आणि रॅमची एक पट्टी. उरलेले पैसे आईला परत. नवीन गेम त्याच्या मशीनवर अजून हाय सेटिंगला चालत नाहीत आणि त्याला त्याचं वाईट वाटतं. वाटू दे. मी त्याला म्हटलं, कार्ड तू घेशीलच, पण रीलच्या पैशांतून घे. आईच्या हप्त्यातून नको.

तुम्हीही आज रात्री वहीचं एक पान काढा. पाच तास कुठे जातात ते लिहा. कुठला पार्ट घ्यायचा ते तुमचं तुम्हालाच दिसेल.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोवर कॅबिनेटमधली धूळ काढून ठेवा!