सारांशाचे गुण ओळी मोजून देत नाहीत



'दहावीचा सारांश : गुणांची खैरात' हा लेख वाचला. प्रत्येक विद्यार्थ्याला सारांश लिहावाच लागतो, हे लेखकाचे म्हणणे चूक आहे. दहावीच्या मराठी कुमारभारतीच्या ८० गुणांच्या प्रश्नपत्रिकेत पत्रलेखन किंवा सारांशलेखन असा पर्याय असतो, गुण ६. बहुतेक मुले पत्राकडेच वळतात. ठरावीक मायना पाठ असतो ना!

लेखकाचा दुसरा आक्षेप असा, की सारांश तपासणे म्हणजे ओळी मोजणे. अपठित उताऱ्याचा एक तृतीयांश सारांश स्वतःच्या शब्दांत लिहायचा असतो. लेखकाला 'एक तृतीयांश' दिसले, 'स्वतःच्या शब्दांत' दिसले नाही. घाईत ओळी मोजणारे परीक्षक असतील, पण तो दोष तपासणीचा, प्रश्नाचा नव्हे.

सरावासाठी मी वर्गात कांदाचाळीवरचा उतारा दिला होता. चाळीत कांदा काही महिने टिकतो, मात्र खालून हवा खेळली नाही तर सडतो, असा त्याचा आशय. एकाने सुबक अक्षरात लिहिले, 'चाळीत कांदा टिकतो.' लांबी बरोबर, शुद्धलेखन निर्दोष, आणि 'मात्र' गायब! मी सहापैकी दोन दिले. निफाडकडच्या एका मुलीने अडखळत, चार चुका करत लिहिले, पण हवेची अट सोडली नाही. तिला पाच. यात खैरात कुठली?

राहता राहिली सारांशाऐवजी बहुपर्यायी प्रश्न देण्याची लेखकाची सूचना. काय गाळायचे हे मुलाने ठरवायचे असते. पर्याय छापून दिले की ते आपणच ठरवून टाकतो.

— एक निवृत्त मराठी शिक्षिका,
पंचवटी, नाशिक