धरण उशाला, कोरड घशाला!

12 एप्रिल 2016 रोजी लातूरच्या स्टेशनात एक आगळीच गाडी शिरली. मिरजेहून आलेली ‘जलदूत’! दहा वाघिणी आणि त्यांत पाच लाख लिटर पाणी.

आता एक गणित करा पाहू. मोठ्या माणसाचं हृदय दर मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त पुढे ढकलतं. दिवसाची मिनिटं 1440. म्हणजे रोज 7200 लिटर! पाच लाख लिटरचा पल्ला गाठायला त्याला जेमतेम सत्तर दिवस लागतात. आणि हा पंप केवढा? मुठीएवढा.

पण गंमत अशी, की रक्ताने सदा भरलेल्या या हृदयाच्या जाड भिंतींना आतलं रक्त थेट वापरता येत नाही. धरण उशाला आणि कोरड घशाला! नांदेडला विष्णुपुरीचं पाणी कसं, उपसून कालव्यात सोडावं तेव्हाच शेतात पोचतं, तसंच हे. हृदयाच्या स्नायूला रक्त पोचवणारे कालवे वेगळे. त्यांना करोनरी धमन्या म्हणतात. त्यांची रुंदी फक्त तीन-चार मिलिमीटर.

कालव्यात गाळ साचतो, तसं या धमन्यांतही काही साचतं. पण ते नळीच्या आत नव्हे, तिच्या भिंतीत. विडी-तंबाखू, वाढलेला रक्तदाब, मधुमेह यांमुळे धमनीचं आतलं नाजूक अस्तर दुखावतं. मग रक्तातलं कोलेस्टेरॉल भिंतीत शिरतं. त्याला गिळायला पांढऱ्या पेशी धावतात आणि खाऊन खाऊन तिथेच फुगून बसतात. वर्षानुवर्षं हा थर वाढतो आणि वाट अरुंद होते.

वाट निम्मी झाली तर प्रवाहही निम्माच होईल, असं वाटतं ना? चूक! नळीची रुंदी निम्मी झाली आणि दाब तोच राहिला, तर प्रवाह उरतो सोळावा हिस्सा! शरीर पुढच्या बारीक नळ्या रुंद करून बराच काळ वेळ मारून नेतं. पण वाट फारच अरुंद झाली, की जिना चढताना, ओझं उचलताना छातीत दुखू लागतं. थांबलं की बरं वाटतं. हा शरीराने दिलेला इशारा असतो.

खरा घात मात्र गुठळी करते. खेळताना गुडघा फुटला की काय होतं? रक्तातल्या प्लेटलेट्स म्हणजे रक्तबिंबिका धावत येतात, फायब्रिनच्या धाग्यांचं जाळं विणलं जातं आणि रक्त थांबतं. गुठळी झाली नाही, तर साध्या जखमेनेही जीव जाईल. पण धमनीच्या भिंतीतला तो थर एखाद्या दिवशी अचानक फुटतो. बिचाऱ्या रक्तबिंबिकांना वाटतं, जखम झाली! त्या इमानेइतबारे गुठळी बांधतात आणि कालवाच बंद होतो. पुढचा स्नायू मरू लागतो. हाच हृदयविकाराचा झटका. मेंदूच्या धमनीत असंच झालं तर लकवा. आधी काहीच त्रास नसलेल्या माणसालाही झटका येतो, तो यामुळेच.

डॉ. नीतू मांडके हे मुंबईतले नामवंत हृदयशल्यविशारद. कित्येकांची हृदयं त्यांनी दुरुस्त केली. 22 मे 2003 रोजी हृदयविकाराच्या झटक्यानेच त्यांचं निधन झालं. हा आजार कुणाचाच मुलाहिजा ठेवत नाही.

‘हा तर म्हाताऱ्यांचा आजार, आम्हाला काय त्याचं?’ असं म्हणू नका. कोरियाच्या युद्धात मरण पावलेल्या 300 अमेरिकन सैनिकांची हृदयं डॉक्टरांनी तपासली. सरासरी वय 22. तरी चारातल्या तिघांहून अधिक जणांच्या धमन्यांत या आजाराच्या खुणा निघाल्या! 1953 साली हे प्रसिद्ध झालं, तेव्हा सारे चकित झाले. थर बसायला सुरुवात होते ती तुमच्याच वयात. म्हणून मैदानावर रोज घाम गाळा, ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी आवडीने खा, वडे-भजी सणावारी. आणि तंबाखूची पुडी कुणी कितीही लाडाने पुढे केली, तरी हात मागे!

आता सर्वांत महत्त्वाचं. घरी आजोबांच्या छातीवर दडपण आलं, डावा हात किंवा जबडा दुखू लागला, दरदरून घाम फुटला, तर ते म्हणतील, “काही नाही रे, पित्त झालंय, सोडा आण.” ऐकू नका! आजीच्या बाबतीत तर नुसती धाप, मळमळ किंवा थकवाही असू शकतो. त्यांना बसवा, चालू देऊ नका, मोठ्यांना हाक मारा आणि 108 ला फोन लावा. तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, बोबडी वळली, तरीही हेच करा. किनवटहून नांदेड शंभराहून जास्त किलोमीटर. उदगीरहून लातूरलाही तासाहून अधिक लागतो. म्हणून ‘सकाळी बघू’ म्हणायचं नाही. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन किंवा धमनी उघडणारी अँजिओप्लास्टी जितकी लवकर, तितका जास्त स्नायू वाचतो. पहिला तास सोन्याचा!

करून पाहा : एक जाड आणि एक बारीक स्ट्रॉ घ्या. दोन्हींनी पेलाभर पाणी प्या आणि वेळ मोजा. मग हा लेख आई-बाबांना वाचून दाखवा आणि विचारा, “तुमचा रक्तदाब शेवटचा कधी मोजला होता?”