सावलीतला पाम

पाम म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? गोव्याचा बीच, कडक ऊन, हातात शहाळं. बरोबर? म्हणूनच नर्सरीतून हौसेनं आणलेला छोटासा पाम आपण थेट बाल्कनीच्या उन्हात नेऊन ठेवतो. काही दिवसांत त्याची पानं भाजलेल्या पापडासारखी होतात आणि आपण जाहीर करून टाकतो, 'आपल्या हाताला गुणच नाही!'

दोष हाताचा नसतो हो, त्या बीचच्या चित्राचा असतो.

आम्ही वऱ्हाडातले. आमचा घरचा पाम म्हणजे शिंदी. नाल्याकाठी भर उन्हात उभी, आणि तिच्या पानांच्या फड्यानं घर झाडायचं. तिच्याकडे बघून पामला ऊनच मानवतं, असं कुणालाही वाटेल. पण कुंडीतल्या छोट्या पामसाठी डोक्यात चित्र हवं ते चिखलदऱ्याचं. परतवाड्याहून घाट चढून हजार मीटरच्या वर गेलात की तिथे चक्क कॉफी दिसते. हो, विदर्भात कॉफी! मोठ्या झाडांच्या सावलीत वाढते ती. पावसाळ्यात धुकं, जमिनीवर कुजलेल्या पानांचा थर आणि वरून गाळून आलेला उजेड.

पार्लर पाम अशाच जागेतला, फक्त मेक्सिको-ग्वाटेमालाच्या जंगलातला. डोक्यावर उंच झाडं, त्यांच्या पायाशी हा. पुरुषभर उंच झाला तरी खूप. 19व्या शतकात युरोपातल्या अंधाऱ्या दिवाणखान्यांत तो तग धरून राहिला, म्हणून तर त्याचं नाव पार्लर. तेव्हा हिंजवडीचा वन बीएचके त्याला जड नाही. नर्सरीत सर्रास मिळणारा अरेका मात्र मादागास्करचा. त्याला उजेड जास्त लागतो आणि तो छताकडे झेपावतो. घेताना विचारून घ्या.

उजेडाचं जमलं, आता पाणी. इथे गोष्ट गंभीर होते. आमचं गाव दर्यापूरकडचं, पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यातलं. अमरावती, अकोला, बुलडाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरलेला हा पट्टा. जमिनीतलं पाणीच खारं. गेल्या वर्षी आजीला सोबत म्हणून मी एक पार्लर पाम नेऊन दिला. महिन्याभरात पानांची टोकं तपकिरी! बोरच्या पाण्यातले क्षार कुंडीत साचतात आणि पामची टोकं जाळतात. मी म्हटलं, 'आजी, याला गोडं पाणी घालत जा.' आजीनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. 'काहून रे बापू, मानसाले गोडं पाणी भेटत नाही, अन् तुह्या झाडाले पायजे?'

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिनंच काढलं. पावसाळा लागला तशी पागोळ्यांखाली एक टाकी ठेवली, वर फडकं बांधलं. घोटभर पाणी, तेही वरची माती सुकली की मगच. जळलेली टोकं परत हिरवी होत नाहीत, पण नवी पानं स्वच्छ आली.

शहरातल्यांनो, तुमच्यासाठी यात एक धडा आहे. आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी झाडांना घालणं इकोफ्रेंडली वाटतं, पण सगळे क्षार त्याच पाण्यात उतरलेले असतात. ते पामला नको, फरशी पुसायला वापरा. एसी हवा कोरडी करतो आणि कोरड्या हवेत पानांमागे लाल कोळी लागतो, म्हणून पंधरा दिवसांनी पानं ओल्या फडक्यानं दोन्ही बाजूंनी पुसा. आमच्या वऱ्हाडी कूलरची दमट हवा मात्र त्याला आवडते. फक्त झोताच्या तोंडाशी ठेवू नका. बशीत पाणी साचू देऊ नका. थोडं खत पावसाळ्यात, थंडीत अजिबात नाही.

आणि हो, हवा शुद्ध होते म्हणून पाम घेत असाल तर जरा थांबा. नासाच्या 1989च्या प्रसिद्ध अभ्यासात बांबू पाम होता खरा, पण ते प्रयोग बंद पेटीतले. 2019मध्ये अशा प्रयोगांचा फेरआढावा घेतला, तेव्हा कळलं की साध्या वायुविजनाची बरोबरी करायला एका चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील. त्यापेक्षा खिडकी उघडा की राव!

मग पाम कशाला? एक तर तो दिसतो छान. दुसरं म्हणजे त्याला घाई चालत नाही. प्रत्येक खोडाला एकच शेंडा. तो छाटला तर बाजूनं फांदी फुटत नाही, ते खोड संपलं. त्या एकाच शेंड्यातून भाल्यासारखं मिटलेलं पान हळूहळू वर येतं आणि एके सकाळी उलगडलेलं दिसतं. वर्षाला अशी मोजकीच पानं. अप्रेझलच्या तारखा पाळत जगणाऱ्या आपल्याला हा वेग सोसायला शिकावं लागतं.

आजी शिकलीय. परवा फोनवर तब्येतीचं विचारलं, तर म्हणाली, 'माह्यं सोड. पाचवं पान निंघालं.'