माशाची माशी

मंडळी, दिवाळीनंतर डेन्व्हरची नात महिनाभर आमच्याकडे येऊन राहिली. बॅग उघडल्या उघडल्या तिने चष्म्याच्या घराएवढा एक डबा काढून माझ्यापुढे ठेवला. आत ओळीने खोचलेल्या चाळीसेक माश्या! खऱ्या नव्हेत. गळाच्या बारीक आकड्यावर पिसं, केस आणि दोरा गुंडाळून केलेल्या. तिकडे ट्राउट मासा या असल्या नकली माशीवर धरतात. तिने विचारलं, "आजोबा, आपल्या नदीसाठी यातली कुठली चालेल?"

आमच्या घरात वडिलांपासून माळ. मासा ताटात कधी आला नाही. पण बालपण पूर्णेकाठी गेलं, आणि भोयांच्या पोरांबरोबर गळ टाकून बसलो म्हणून पाठीत धपाटेही भरपूर खाल्ले. तेव्हा प्रश्न अगदीच चुकीच्या माणसाला विचारला, असं म्हणता येणार नाही.

तेव्हाची एक गोष्ट आठवते. मी कणकेची गोळी लावून तासभर बसलो होतो, गळाला काही लागेना. शेजारी एक म्हातारे भोईबुवा होते. ते म्हणाले, "बाबू, भादव्यात कणीक काहून लावतं? तिकडं पाय, धुऱ्यावरचे नाकतोडे पाण्यात पडून रायले. मासोई तेच खाऊन रायली. तिले जे पायजे ते दे, तुले जे पायजे ते नोको देऊ."

या विषयावर इंग्रजीत शेकडो पुस्तकं आहेत. नातीने त्यातलं बरंच मला समजावून सांगितलं. पण सार पाहिलं तर भोईबुवांच्या त्या वाक्यापलीकडे फारसं काही नाही.

नकली माशी का करावी लागली, तर खरी माशी आकड्यावर टिकत नाही, हात लागताच चुरगळते. रोमन लेखक ईलियन याने मॅसेडोनियातले लोक आकड्याला लाल लोकर आणि कोंबड्याची पिसं बांधून मासे धरत, असं लिहून ठेवलं आहे. म्हणजे ही विद्या अठराशे वर्षांपूर्वीची तरी नक्कीच. पुढे माणसाचा शौक वाढला. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये सालमन माशासाठी दूरदूरच्या देशांतल्या पक्ष्यांची रंगीत पिसं लावून माश्या बांधू लागले. त्या माशाने जन्मात असला पक्षी पाहिलेला नव्हता! या शौकाचं वेड अजून गेलेलं नाही. 2009 साली इंग्लंडमधल्या ट्रिंग इथल्या संग्रहालयातून एका तरुण संगीत-विद्यार्थ्याने जुन्या पक्ष्यांची 299 कातडी चोरली, ती या पिसांसाठीच. माझं स्पष्ट मत आहे की असली माशी माशासाठी नसते, माणसासाठी असते. दागिना म्हणून तिचं कौतुक जरूर करावं, पण ती आमिष नव्हे.

मग माशी निवडायची कशी? नातीने सांगितलेला क्रम मला पटला. आधी मासा खातो कुठे ते पाहायचं. वरच्या थरात खात असेल तर तरंगणारी माशी, खाली खात असेल तर बुडणारी. मग आकार. (आकड्याचा नंबर जितका मोठा तितका आकडा लहान. बावीस नंबरचा आकडा तांदळाच्या दाण्याहून फार मोठा नसतो.) मग घडण, आणि रंग सगळ्यात शेवटी. आपण दुकानात शिरलो की नेमके उलटे जातो, पहिली नजर रंगावरच!

आता कोणी म्हणेल की 'रॉयल कोचमन' नावाची भडक माशी कुठल्याच किड्यासारखी दिसत नाही, तरी तिच्यावर मासे लागतात. खरं आहे. पण ते कुठे? जिथे पाण्यात आधीच भरपूर किडे आहेत आणि मासा वर बघायला शिकला आहे तिथे. मुळात पाणी जिवंत हवं.

आम्ही डबा घेऊन परतवाड्याच्या वर, मेळघाटातून उतरणाऱ्या एका ओढ्यावर गेलो. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत मासेमारीला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. आम्ही हद्दीच्या अलीकडे होतो, शिवाय गळ टाकायचाच नव्हता. नातीने वाहत्या पाण्यातला एक चपटा दगड उलटा केला आणि ओरडली, "आजोबा, बघा!" दगडाला चिकटून नखाएवढे तपकिरी जीव होते. शेपटीला तीन धागे, पोटाच्या दोन्ही बाजूंना हलणारे कल्ले. ही मेफ्लायची पिल्लं. महिनोन्महिने पाण्यात काढतात, मग पंख फुटून वर येतात आणि एखाद-दोन दिवसांत मरतात. शेजारी वाळूचे कण चिकटवून केलेली इवलीशी नळकांडी होती, त्यांत कॅडिस माशीच्या अळ्या. तिने डब्यातून एक साधी तपकिरी माशी काढून शेजारी धरली. इंग्लंडच्या एव्हॉन नदीचे राखणदार फ्रँक सॉयर यांनी फेझंटच्या शेपटीचं पीस आणि तांब्याची तार एवढ्यावर ती बसवली होती. हुबेहूब!

उत्तर मिळालं होतं. डब्यातल्या चाळीसपैकी दोन-चार पुरे. तसं आपल्याकडच्या सगळ्याच माशांचं माशीवर भागत नाही. कटला पाण्यातले अतिसूक्ष्म जीव गाळून खातो, त्याच्यापुढे माशी नाचवून उपयोग नाही. मरळ बेडकांच्या आणि लहान माशांच्या मागे असते. नाकतोड्याचं सोंग मात्र भादव्यात इथेही चालावं.

परतताना अकोल्याला बहिणीकडे उतरलो. नात म्हणाली, इथलाही दगड बघू. मी तिला मोर्णेवर नेलं. काठावर दगड फार नव्हते, गाळ होता. एक दगड उलटला तर खाली काळा वास आणि त्यात लालभडक, दोऱ्यासारख्या वळवळणाऱ्या अळ्या. आपल्या रक्तातलं लाल द्रव्यच त्यांच्या अंगात असतं, म्हणून प्राणवायू नसलेल्या चिखलातही त्या जगतात. मेफ्लायला ते जमत नाही. नातीने डब्यातून बारीक लाल दोऱ्याची एक माशी काढली. "इथे ही चालेल," म्हणाली, आणि डबा मिटला. आम्ही दोघंही हसलो नाही.

अकोलेकरांनी काही केलं नाही, असं मी म्हणणार नाही. जानेवारी 2018 मध्ये हजारो लोक जलपर्णी काढायला मोर्णेत उतरले, त्या मोहिमेचा उल्लेख पंतप्रधानांच्या 'मन की बात'मध्येही झाला. पण जलपर्णी हे लक्षण आहे, रोग सांडपाणी आहे. सांडपाणी येत राहिलं की ती पुन्हा वाढते. नात जिथे मासे धरते ती साऊथ प्लॅट नदीही डेन्व्हर शहरात एके काळी गटारच होती. 1965 च्या महापुरानंतर लोकांचे डोळे उघडले आणि 1974 पासून काठ साफ करायचं काम चिकाटीने चाललं. आज तिथे शहराच्या मध्यात लोक गळ टाकतात. एका सकाळचं ते काम नव्हतं.

जन्मभर शाळेत तपासणी करत आलो, म्हणून एक सुचवतो. नदी साफ झाली की नाही हे वरून दिसणाऱ्या पाण्यावरून ठरवू नका. वर्षातून एकदा दगड उलटून पाहा. तीन शेपट्यांचा तो जीव दिसला तर नदी पास. लाल अळीच दिसली तर नापास, मग काठावर कितीही दिवे लावा.

नात गेली. जाताना ती तपकिरी माशी माझ्या टेबलावर ठेवून गेली. म्हणाली, "मोर्णेत चालायला लागली की कळवा." माझं वय पाहता हे कळवायचं काम बहुधा तुमच्यापैकी कोणाला तरी करावं लागेल. तोवर आपापल्या गावच्या नदीतला एक दगड उलटा, आणि खाली काय निघालं ते मला जरूर लिहा.